दोन ओळींमधली फट

जानेवारी २०२१. अलेक्झांडर पोपोव्ह या रशियन सुरक्षा-संशोधकाच्या यंत्रावर लिनक्सचा कर्नल कोसळला. तो कोसळावा म्हणूनच सगळा खटाटोप चालला होता. सिझकॉलर नावाचं साधन कर्नलवर रात्रंदिवस सिस्टीम कॉलांचा मारा करतं. त्यातले काही कॉल सरळ असतात, काही अर्धवट, काही निव्वळ वेडगळ. कर्नलनं मान टाकली की त्या क्षणाची नोंद ठेवायची आणि मग तोच प्रसंग पुन्हा घडवून दाखवायचा, ही त्याची पद्धत. या खेपेला नोंद मिळाली, पण प्रसंग काही केल्या पुन्हा घडेना.

एकदा होऊन पुन्हा न होणारा क्रॅश दिसला की जाणकारांना पहिला संशय येतो तो रेस कंडिशनचा. दोन कामं एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालतात आणि कोणाचा हात आधी पडला यावर निकाल ठरतो. साधन थकलं तिथे माणसाचं काम सुरू झालं. पोपोव्ह कोड वाचायला बसले.

क्रॅश झाला होता व्हीसॉकच्या कोडमध्ये. व्हर्च्युअल मशीन आणि ते ज्या यंत्रावर चालतं ते मूळ यंत्र, या दोघांना आपापसांत बोलता यावं म्हणून कर्नलनं ठेवलेली ही वाट. पलीकडचं टोक कोणतं आहे त्यानुसार सॉकेटला वेगवेगळा ‘ट्रान्सपोर्ट’ जोडला जातो. सॉकेटची सेटिंग बदलणाऱ्या फंक्शनमध्ये दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. पहिली ओळ सॉकेटमधून ट्रान्सपोर्टचा पॉइंटर वाचून बाजूला ठेवत होती. दुसरी ओळ सॉकेटचं लॉक घेत होती. आधी वाचन, मग लॉक.

नुसतं वाचताना यात काही खटकत नाही. आता दोन थ्रेड एकदम चालवून बघा. पहिला थ्रेड पॉइंटर वाचतो आणि लॉकपाशी येऊन थांबतो, कारण लॉक दुसऱ्या थ्रेडकडे आहे. दुसरा थ्रेड तेच सॉकेट वेगळ्या पत्त्याला जोडतो आहे. नवा पत्ता म्हणजे नवा ट्रान्सपोर्ट. म्हणून तो जुना ट्रान्सपोर्ट मोडतो, त्याची मेमरी सोडून देतो, आपलं काम संपवतो आणि लॉक सोडतो. पहिल्या थ्रेडला लॉक मिळतं. लॉक हाती आल्यामुळे आता सगळं सुरक्षित आहे असं धरून तो पुढे जातो, पण त्याच्याजवळचा पॉइंटर लॉक मिळण्याआधीचा आहे. जी मेमरी सोडून दिली, कदाचित दुसऱ्याच कुणाला दिलीसुद्धा, तिथे तो चार बाइट लिहितो.

चारच बाइट. तेवढ्यावर फेडोरा ३३ सर्व्हरवर साधा वापरकर्ता संपूर्ण यंत्राचा मालक होऊ शकतो, हे पोपोव्ह यांनी करून दाखवलं. हीच चूक त्या कोडमध्ये पाच ठिकाणी होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये एकापेक्षा जास्त ट्रान्सपोर्टची सोय आली तेव्हा ती शिरली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला उपाय म्हणजे पॉइंटर वाचणारी ओळ लॉकच्या खाली नेणं.

उपाय ओळभर, शोध मात्र दिवसच्या दिवस. नेटवर्किंगच्या कोडमधल्या रेसची बहुतेक प्रकरणं या वळणानं जातात. त्यामुळे कर्नलवर काम करणाऱ्यांनी गेल्या वीसेक वर्षांत आपली पद्धतच बदलली आहे. रेस कधीतरी आपणहून समोर येईल म्हणून ते वाट बघत बसत नाहीत. ती मुद्दाम घडवून आणतात.

एका लॉकपासून हजारो लॉकांपर्यंत

रेस म्हणजे काय ते स्वयंपाकघरात चटकन कळतं. लग्नघरात आमटीचं पातेलं चुलीवर आहे. काकू येतात, चव घेतात, मीठ कमी वाटतं, मीठ आणायला जातात. तेवढ्यात मामी येतात, चव घेतात, त्याही मिठाला जातात. दोघींचा अंदाज बरोबर होता आणि दोघींनी टाकलेलं मीठही बेताचंच होतं. तरी आमटी खारट झाली, कारण चव घेणं आणि मीठ टाकणं यांच्यामध्ये फट राहिली. नेटवर्किंगमध्ये ही फट काही नॅनोसेकंदांची असते. तिच्यात शिरायला दुसरा प्रोसेसर कोअर असतो, कार्डाकडून येणारा इंटरप्ट असतो, आधीच लावून ठेवलेला टायमर असतो, नाहीतर त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड असतो.

जून १९९६ मध्ये लिनक्स २.० आलं. एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरता येणारी ही पहिली स्थिर आवृत्ती, आणि तिनं सगळा प्रश्न एका भल्यामोठ्या लॉकनं सोडवला. एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलच्या आत. याला ‘बिग कर्नल लॉक’ म्हणत. रेसची भीती फार नाही, पण वेगही नाही. एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या कंपनीनं, मायक्रोसॉफ्टच्या पैशावर, विंडोज एनटी आणि लिनक्स यांची तुलना प्रसिद्ध केली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डांच्या यंत्रावर लिनक्स मागे पडलं. चाचणीच्या पद्धतीवर भरपूर टीका झाली, पण नव्यानं केलेल्या चाचण्यांतही मूळ दुखणं दिसलंच. लिनक्स २.२ च्या नेटवर्किंगचं काम सगळ्या प्रोसेसरांत वाटलं जात नव्हतं. जानेवारी २००१ मध्ये २.४ आलं तेव्हा अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह, डेव्हिड मिलर आणि इतरांनी तो भाग पुष्कळसा नव्यानं बांधला होता.

मोठं लॉक फोडून लहान लहान लॉकं करायची, लहानांपैकी काही काढूनच टाकायची, असा प्रवास तेव्हापासून चालू आहे. यामागे हौस नाही, हिशेब आहे. दहा गिगाबिटच्या जोडणीवर सगळ्यांत लहान पॅकेटं पूर्ण वेगानं आली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. शंभर गिगाबिटला तेच सातापेक्षा कमी. दोन कोअर एका लॉकसाठी भांडू लागले तर पॅकेटच्या वाट्याचा सगळा वेळ भांडणातच जातो.

ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नलमध्ये आरसीयू आलं. पॉल मॅककेनी यांच्याबरोबर ते लिनक्समध्ये आणण्यात आयबीएमचे भारतीय अभियंते दीपंकर सर्मा यांचा मोठा वाटा आहे. यात वाचणारा लॉक घेतच नाही. बदल करणारा जुनी वस्तू यादीतून काढतो, पण आधीपासून वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत तिची मेमरी सोडत नाही.

टीसीपीचं पॅकेट आलं की ते कोणत्या सॉकेटचं हे शोधण्याचं काम असंच बिनलॉकचं चालतं, आणि तिथली शिस्त जवळून बघण्यासारखी आहे. सॉकेट सापडलं की कर्नल आधी त्याचा वापरमोजणीचा आकडा एकानं वाढवतो, तोही आकडा शून्य नसेल तरच. शून्य असेल तर ते सॉकेट मरणपंथाला लागलेलं आहे, त्याला हात लावायचा नाही. आकडा वाढवला की पत्ता आणि पोर्ट पुन्हा एकदा जुळवून बघायचे. असं का? या दोन पावलांच्या मध्ये जुनं सॉकेट जाऊन त्याच मेमरीत नवं, दुसऱ्याच जोडणीचं सॉकेट उभं राहिलेलं असू शकतं. एवढ्यानंही भागत नाही. यादीतून पुढे सरकत असताना पायाखालचं सॉकेट दुसऱ्या यादीत गेलं, तर शोधणाराही नकळत त्या यादीत जातो. म्हणून २००८ मध्ये एरिक द्युमाझे यांनी प्रत्येक यादीच्या शेवटी त्या यादीची खूण ठेवण्याची पद्धत आणली. शेवटी पोचल्यावर वेगळीच खूण दिसली तर शोध पहिल्यापासून सुरू करायचा.

या शिस्तीतलं एक पाऊल विसरलं तर कंपायलर तक्रार करत नाही आणि चाचणी नापास होत नाही. कोड वर्षानुवर्षं चालत राहतो.

एक फाइल, अनेक रेस

नेटवर्कवरची पॅकेटं जशीच्या तशी टिपणारी टीसीपीडंपसारखी साधनं लिनक्सच्या एएफ-पॅकेट सॉकेटांवर चालतात. वेगासाठी कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यात एक रिंग बफर सामायिक ठेवता येतो. ऑगस्ट २०११ मध्ये या रिंगची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात एक टायमर होता. बफरचा भाग वेळेत भरला नाही तरी तो प्रोग्रॅमच्या हवाली करायचा, हे त्याचं काम.

रिंग तयार करणारा कोड आवृत्ती बघून टायमर सुरू करत असे. सॉकेट बंद करतानाचा कोडही आवृत्ती बघूनच टायमर थांबवत असे. आवृत्ती बदलणारा तिसरा कोड ‘रिंग अजून तयार नाही ना?’ एवढं विचारून बदल करून टाकत असे, लॉक न घेता. फिलिप पेटरसन यांना २०१६ मध्ये यातली फट दिसली. एका थ्रेडनं रिंग बांधायला घेतली, टायमर सुरू झाला, पण रिंग अजून जागेवर बसलेली नाही. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या थ्रेडनं आवृत्ती तीनची एक केली. पुढे सॉकेट बंद होताना कर्नलला आवृत्ती एक दिसते, आणि आवृत्ती एकला टायमरच नसतो, म्हणून तो कुणी थांबवत नाही. सॉकेटची मेमरी सोडली जाते. टायमर मात्र त्या मेमरीत चालू राहतो आणि वेळ झाली की तिथे जो काही फंक्शनचा पत्ता सापडेल त्याला हाक मारतो. हल्लेखोराला तेवढंच हवं असतं. तिथे आपल्या सोयीचा पत्ता ठेवला की झालं.

असं सॉकेट उघडायला खास अधिकार लागतो, पण उबुंटू आणि फेडोरासारख्या वितरणांत साध्या वापरकर्त्यालाही स्वतःचा नेमस्पेस तयार करून आत तो अधिकार मिळवता येत होता. सीव्हीई-२०१६-८६५५ या क्रमांकानं हा बग डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झाला. पाच वर्षं तो जगभरच्या यंत्रांवर होता. पेटरसन यांच्याच पॅचनं रिंग बांधणं आणि आवृत्ती बदलणं ही दोन्ही कामं सॉकेटच्या लॉकखाली आणली.

प्रकरण मिटलं असं वाटावं, तर ऑगस्ट २०१७ मध्ये रिंग बांधणाऱ्या त्याच फंक्शनशी दुसरी रेस निघाली. रिंगमध्ये प्रत्येक पॅकेटपुढे किती जागा राखायची हे ठरवणारं सेटिंगही असंच लॉकबाहेरून बदलत होतं. त्याच वर्षी पॅकेटं अनेक सॉकेटांत वाटून देण्याच्या भागात आणखी एक सापडली. २०२५ मध्ये पुन्हा तेच रिंगचं फंक्शन चर्चेत आलं. रिंग बदलताना ते एक लॉक थोडा वेळ सोडतं. नेमकं त्याच वेळी नेटवर्क कार्ड चालू झाल्याची सूचना आली तर ती हाताळणारा कोड अर्धवट बदललेल्या सॉकेटला पुन्हा कामाला जुंपतो.

या फाइलवर काम करणारे लोक निष्काळजी होते असा अर्थ यातून काढणं अन्यायाचं होईल. कोणतं लॉक कोणत्या माहितीची राखण करतं हा नियम त्या फाइलमध्ये कुठे एका जागी लिहिलेला नव्हता. तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होता. दहा-पंधरा वर्षांत अनेकांचे हात लागले की प्रत्येकाच्या डोक्यातला नियम थोडा वेगळा होतो. म्हणून अनुभवी दुरुस्ती करणारा सापडलेल्या जागेला ठिगळ लावून थांबत नाही. हीच माहिती आणखी कोण बदलतं, कोणत्या लॉकखाली, याची पूर्ण यादी काढतो. ती यादी काढण्याचं काम कंटाळवाणं असतं, पण खरी दुरुस्ती तीच असते.

एका बिटाची गोष्ट

लॉक न घेता रेस मिटवताही येते, पण तिथे कंपायलरशी गाठ पडते. आयपीव्ही४ च्या कच्च्या सॉकेटांत एक बिट असतो. पॅकेटचं आयपी हेडर प्रोग्रॅम स्वतः देणार की कर्नलनं बनवायचं, हे तो सांगतो. पॅकेट पाठवणारं फंक्शन हा बिट एकापेक्षा जास्त वेळा वाचत होतं. पहिल्या वेळी ‘प्रोग्रॅम देणार’ असं दिसलं म्हणून एक आतली रचना भरायची राहिली. मध्येच दुसऱ्या थ्रेडनं बिट बदलला. पुढच्या वेळी ‘कर्नल बनवणार’ असं दिसलं आणि न भरलेली रचना वापरात आली. तिच्यात स्टॅकवरचा जुना कचरा होता आणि कर्नल त्या कचऱ्याला पॉइंटर समजून चालला.

मोहम्मद घन्नाम यांनी डिसेंबर २०१७ मध्ये साधा उपाय दिला. बिट एकदाच वाचायचा, स्थानिक चलात ठेवायचा आणि पुढे तेच चल वापरायचं. महिन्याभरात निकोलाय श्टांगे यांनी त्याला पुरवणी जोडली. सी भाषेच्या कंपायलरला दुसरा थ्रेड दिसत नाही. स्थानिक चल ठेवण्यापेक्षा मूळ जागेवरून पुन्हा वाचणं स्वस्त वाटलं तर तो तसं करायला मोकळा आहे. म्हणजे कोडमध्ये एकदा वाचलेलं मशीनमध्ये दोनदा वाचलं जाऊ शकतं. कर्नलमध्ये अशा वेळी ‘रीड-वन्स’ हा मॅक्रो वापरतात. तो कंपायलरला हे वाचन एकदाच करायला भाग पाडतो. पण एकट्या बिटावर तो चालत नाही, म्हणून श्टांगे यांनी तो त्या स्थानिक चलावर लावून तोच परिणाम साधला.

मुद्दाम केलेला उशीर

मग अशा फटी सापडतात कशा? या प्रश्नाचं एक उत्तर नेटवर्किंगच्या बाहेर मिळालं. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडाच्या ऑन्टॅरिओत सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. ओहायोतल्या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना देणारी प्रणाली गप्प झाली होती आणि ती गप्प झाली आहे हेच कुणाला कळलं नव्हतं. जनरल इलेक्ट्रिकच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये रेस कंडिशन निघाली. ती पकडायला अभियंत्यांना कित्येक आठवडे लागले. कोडमध्ये जागोजागी मुद्दाम उशीर पेरून प्रणाली संथ केली तेव्हा कुठे ती फट दिसण्याइतकी रुंद झाली.

हीच युक्ती २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या डेटाकोलायडरनं पद्धतशीर केली. जॉन एरिक्सन, मदनलाल मुसुवती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विंडोजच्या कर्नलवर चालवायला ते बनवलं. मेमरीला हात लावणाऱ्या सूचनांपैकी काही नमुन्यादाखल निवडायच्या, तिथे थ्रेडला थोडा वेळ रोखायचं आणि तेवढ्यात त्याच जागेला दुसरा कोणी हात लावतो का ते प्रोसेसरच्या ब्रेकपॉइंटनं बघायचं. या रीतीनं २५ खऱ्या चुका पक्क्या झाल्या.

लिनक्समध्ये या कल्पनेला केसीसॅन या नावानं रूप दिलं गूगलच्या मार्को एल्व्हर आणि सहकाऱ्यांनी. ऑगस्ट २०२० मध्ये लिनक्स ५.८ बरोबर ते आलं. कर्नल बांधताना कंपायलर मेमरीच्या वाचन-लेखनाला एक छोटी तपासणी जोडतो. दर काही हजार वापरांमागे, मूळ सेटिंगनुसार चार हजारांमागे, एक वापर पाळतीवर घेतला जातो आणि तो करणारा थ्रेड ऐंशी मायक्रोसेकंदांपर्यंत अडवून ठेवला जातो. पॅकेटच्या हिशेबात हा काळ प्रचंड आहे, त्यात हजाराहून जास्त पॅकेटं येऊन जातील. तेवढ्यात दुसऱ्या कोणी ती जागा लिहिली, किंवा थांबण्याआधीची आणि नंतरची किंमत वेगळी निघाली, की कोण कुठून आलं त्याचा माग अहवालात उतरतो.

दक्षिण कोरियातल्या कायस्ट या संस्थेतल्या संशोधकांनी इतरांबरोबर २०१९ मध्ये मांडलेल्या रेझर या साधनानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. आधी कोड वाचून ‘या दोन सूचना एकमेकींना आडव्या येऊ शकतात’ अशा जोड्या काढायच्या, मग व्हर्च्युअल मशीनच्या मदतीनं दोन थ्रेड बरोबर त्याच जागी नेऊन उभे करायचे. लिनक्सच्या कर्नलमध्ये त्यांना ३० नव्या रेस मिळाल्या, त्यांतल्या १६ पुढे मान्य होऊन दुरुस्त झाल्या.

फट रुंद करण्याची कला हल्ला करणाऱ्यालाही येते. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधले यान हॉर्न यांनी २०२१ मध्ये युनिक्स सॉकेटांच्या कचरा-सफाईशी जोडलेली एक रेस शोधली. तिची फट मोजक्याच मशीन-सूचनांची होती. त्यांनी एका टायमरवर लक्ष ठेवणाऱ्यांची प्रचंड रांग उभी केली आणि त्याचा इंटरप्ट नेमका त्या फटीत पडेल अशी वेळ साधली. रांगेतल्या प्रत्येकाला उठवता उठवता इंटरप्टच लांबला, तेवढा वेळ मूळ काम मध्येच अडकलं आणि दुसऱ्या थ्रेडला मोकळं रान मिळालं. ‘फट इतकी अरुंद आहे की प्रत्यक्षात काही होणार नाही’ हा युक्तिवाद यानंतर करणं अवघड झालं.

अहवालांचा ढीग

केसीसॅनचे अहवाल येऊ लागले तशी वेगळीच अडचण समोर आली. सगळ्या डेटा रेस घातक नसतात. आकडेवारीसाठी ठेवलेला मोजणीचा आकडा एखाद्या वेळी शिळा वाचला गेला तर बिघडत नाही. पण घातक आणि निरुपद्रवी एकाच ढिगात आले तर घातक दडून जातात. ऑक्टोबर २०१९ पासून द्युमाझे यांनी टीसीपीच्या कोडमधली अशी वाचनं एकेक करून तपासायला घेतली. पुढचा क्रमांक कोणता यायचा आहे, किती वाचून झालं आहे, बफर केवढा आहे, हे आकडे लॉक न घेता वाचले जातात तिथे त्यांनी ‘रीड-वन्स’ आणि लिहिताना ‘राइट-वन्स’ लावलं. या तपासणीत खऱ्या चुकाही हाती लागल्या. टीसीपी फास्ट ओपनच्या एका पॉइंटरला तर आरसीयूचं संरक्षण नव्यानं द्यावं लागलं.

बाहेरून बघणाऱ्याला या पॅचांत काही विशेष दिसणार नाही. कोडचं वागणंही बहुतेक ठिकाणी बदललेलं नसतं. तरी हे काम मोलाचं आहे. ‘इथे लॉक नाही हे आम्हाला ठाऊक आहे आणि का चालतं हेही ठाऊक आहे’ एवढी गोष्ट त्यातून लिखित होते. पॅकेट-सॉकेटच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं नेमकी तीच राहून गेली होती. अँड्रॉइड फोन हाती असलेला प्रत्येक जण याच कर्नलवर विसंबून असतो, मग तो सांगलीत असो की शिकागोत.

काही जण नियम भाषेतच बांधायच्या मागे आहेत. रस्टमध्ये माहिती लॉकच्या आत ठेवता येते आणि लॉक घेतल्याशिवाय तिला हात लावणारा साधा कोड कंपाइलच होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ मध्ये रस्टचा पाया घातला गेला आणि ६.८ मध्ये फुजिता तोमोनोरी यांनी लिहिलेला नेटवर्क चिपचा एक छोटा ड्रायव्हर रस्टमध्ये आला. सीमध्ये लिहिलेल्या अफाट कोडापुढे ही अजून सुरुवातच आहे.

सध्याचं मोठं काम आरटीएनएल या लॉकचं आहे. कार्ड चालू-बंद करणं, पत्ते देणं, मार्ग बदलणं ही सेटिंगची कामं अनेक वर्षं या एकाच लॉकखाली चालत आली. एका यंत्रावर शेकडो कंटेनर, प्रत्येकाचा स्वतंत्र नेटवर्क नेमस्पेस, आणि सगळे एका लॉकच्या रांगेत. कुनियुकी इवाशिमा, द्युमाझे आणि इतर मिळून हे लॉक नेमस्पेसनिहाय वाटत आहेत. लिनक्स ६.१३ मध्ये त्यासाठी तपासणीचा एक पर्याय आला. तो चालू केला की जुनं मोठं लॉकही घेतलं जातं आणि नवं लहानही, आणि ज्या कोडला लहान लॉक हवं त्याच्याकडे ते खरोखर आहे का, हे चालता चालता तपासलं जातं. एकेक फंक्शन या तपासणीतून पार पडल्यावरच मोठ्या लॉकच्या छायेतून बाहेर काढायचं, असा क्रम ठरला आहे.